चौथी फेरी

पीएचडी अर्ध्यावर आली असताना सरांनी मला विषय बदलायला सांगितलं. पुण्यात त्यांच्या केबिनमध्ये मी खुर्चीत बसले होते. ते वाक्य कानावर पडलं आणि मी उठून उभी राहिले. मला नको ती गोष्ट बसून ऐकताच येत नाही, लहानपणापासून.

"बस की," सर म्हणाले. "कुणी गेलेलं नाही."

"उभीच बरी आहे, सर."

"तुझ्या विषयावर आमच्या तरुणपणी ढिगाने पेपर यायचे. आता बघ, कोण लिहितंय? कंपन्यांनी अंग काढून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सच एवढं वेगवान झालं की तुझ्या स्विचची कुणाला गरज राहिली नाही. तू मशीन लर्निंगचं काहीतरी घे. नेटवर्कवर कधी गर्दी होईल, त्याचा अंदाज वगैरे. वर्षभरात मोकळी होशील."

मोकळी. हा शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. परतीच्या एसटीत शिरूर येईपर्यंत मी तीनदा जागा बदलली. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "ताई, एका जागी बसा."

माझा विषय काय होता ते सांगायला हवं. आपला फोन, बँक, व्हिडिओ, सगळं काचेच्या बारीक तारेतून उजेडाच्या रूपात धावत असतं. माहितीची लहान लहान पाकिटं असतात, प्रत्येकावर कुठं जायचं तो पत्ता. पण शहरातल्या प्रत्येक नाक्यावर त्या उजेडाची वीज करावी लागते. यंत्र पत्ता वाचतं, पाकीट मेमरीत ठेवतं, वाट मोकळी झाली की पुन्हा त्याचा उजेड करून पुढे धाडतं. हे मधलं विजेचं लचांड टाळून उजेडाचा उजेडच पुढे पाठवता येईल का, एवढाच प्रश्न. अडचणही एवढीच, की एकाच वाटेवर दोन पाकिटं एकदम आली तर एकाला थांबवायचं कसं? वीज साठवता येते. उजेड थांबत नाही. त्याला उशीर करायला लावायचा एकच साधा मार्ग आहे: लांबलचक तारेतून फेरी मारायला लावायची. एक किलोमीटर तार म्हणजे पाच मायक्रोसेकंदांचा उशीर. तेवढ्यात वाट मोकळी झाली तर बरं, नाहीतर आणखी एक फेरी.

मी हे सगळं कॉम्प्युटरवर करत होते. आणि नकाशा घेतला होता नगर शहराचा. सावेडी, केडगाव, भिंगार, एमआयडीसी असे नाके आणि त्यांना जोडणारं तारेचं कडं. पहिल्यांदा तो नकाशा दाखवला तेव्हा सर हसले होते. "महानगराचं नेटवर्क म्हणतेस आणि नगर घेतेस?" मी म्हटलं होतं, नावात आहे की. पण खरं कारण असं की पुण्याचे रस्ते मला डोळे मिटून दिसत नाहीत, नगरचे दिसतात.

दोन दिवसांनी मी सरांना फोन केला आणि विषय बदलणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी लांब श्वास सोडला.

"मग नुसत्या कॉम्प्युटरवर भागणार नाही. कॉम्प्युटर काय, सांगशील ते दाखवतो. खरी तार घे, खरा उजेड घे. एकाच पाकिटाला पाच फेऱ्या मारायला लाव आणि ते ओळखू येईल असं बाहेर काढ. पाच झाल्या तर मी पुन्हा विषय बदलायचं नाव काढणार नाही."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर तू माझं ऐकायचं."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बोलता बोलता मी घराबाहेर पडून शेजारच्या उसाच्या बांधापर्यंत चालत आले होते, पायात घरातल्या स्लिपरा.

आम्ही राहतो देवळाली प्रवऱ्याला. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सासरे शेतात, सासूबाई घरात आणि शेतात दोन्हीकडे. मी रोज नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला जाते. माझी शाखा इलेक्ट्रॉनिक्सची. तिला मुलं येईनाशी झाली होती. त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की आमची ऑप्टिकलची लॅब उन्हाळ्यात रिकामी करायची आहे, तिथं कॉम्प्युटर बसणार. म्हणजे जे करायचं ते त्याआधी. लॅबमध्ये लेसर होता, उजेडाची वाट बदलणारा एक छोटा ऑप्टिकल स्विच होता, पडद्यावर लाटा दाखवणारा ऑसिलोस्कोप होता. सरांनी त्यांच्याकडचा अॅम्प्लिफायर द्यायचं कबूल केलं. फेरीत उजेड मंदावतो, त्याला पुन्हा जोर द्यायला तो लागतो. नव्हती ती तार.

तेव्हा मला तो तारवाला आठवला. कॉलेजची इंटरनेटची लाइन तुटली की जो माणूस व्हॅन घेऊन यायचा तो. मिरजगावचा, चाळिशीचा, सदा दोन फोन हातात. तुटलेल्या काचेच्या तारा जोडणं हाच त्याचा धंदा. एकदा त्याचं काम बघत मी मागे उभी होते, तेव्हा त्याने नंबर दिला होता. फोन लावला.

"म्याडम, तार हाय की. हायवेच्या कामातला अर्ध्या किलोमीटरचा तुकडा ड्रमवर पडून हाय. घिऊन जावा. पर सांगून ठिवतो, काम निगालं तर मागारी लागंल."

"चालेल, दादा."

ड्रम आणायला सासरे आले. त्यांना मी मामा म्हणते. त्यांची भाजीची पिकअप होती आणि रविवार होता. माझं शिक्षण कधी संपणार, हा प्रश्न त्यांनी मला कधी तोंडावर विचारला नव्हता, पण पाहुण्यांपुढे "आमची सून अजून शाळंतच हाय" असं ते हसत हसत सांगायचे. नगर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, जागोजागी माती उकरलेली. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते.

"ह्या तारंत काय सोडनार तू?" मामांनी विचारलं.

"उजेड."

"अन् मंग?"

"तो परत येतो का बघायचं."

मामांनी थोडा विचार केला. "जाईल कुटं त्यो? दोन्ही टोकं तर तुज्याच हातात."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे. मग मी त्यांना सांगितलं की उजेड येतो परत, पण फेरीगणिक त्यात कचरा मिसळत जातो. अॅम्प्लिफायर उजेडाला जोर देतो तसा कचऱ्यालाही देतो. शेवटी आपला उजेड कुठला आणि कचरा कुठला, ते कळत नाही. मामा म्हणाले, "मंग चाळून घ्यायचा." त्यासाठी चाळणी असते, फिल्टर म्हणतात त्याला, पण चाळूनही थोडं उरतंच. "लई किचकट हाय," म्हणून त्यांनी विषय सोडला आणि गाडी मिरजगावात चहाला थांबवली.

तारवाल्याने दोन माणसं लावून ड्रम पिकअपमध्ये चढवला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तारा जोडायचं मशीन घेऊन कॉलेजात आला. त्या केबलच्या पोटात केसासारख्या चोवीस तारा होत्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. पलीकडच्या टोकाला निळी आणि नारिंगी एकमेकींना जोडली की अर्ध्याचा एक किलोमीटर होतो. त्याने दुसरी एक जोडीही करून दिली, हिरवी आणि तपकिरी, एक बिघडली तर दुसरी म्हणून. काम करताना त्याचा फोन वाजतच होता. एका खांद्याने फोन धरून तो काच कापत होता.

सुरुवात मी हिरव्या-तपकिरी जोडीने केली आणि तिथंच आठवडा घालवला. उजेड आत जायचा, बाहेर जवळजवळ काहीच यायचं नाही. लेसर बदलला, जोड पुसले, अॅम्प्लिफायर उघडून पुन्हा लावला. वर्गात शिकवताना फळ्यावर काय लिहिलंय हे मलाच कळेना. एका विद्यार्थिनीने हळूच सांगितलं, मॅडम, हे कालच झालं. घरी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "ताटाकडं बघ गं, त्या फोनात जेवन न्हाई." मी हो म्हणाले आणि फोनकडेच बघत राहिले.

शेवटी दोष तारेत निघाला. तपकिरी तार केबलच्या आत कुठंतरी चिरली होती. मोजून पाहिलं तर जवळपास मध्यावर. मी निळ्या-नारिंगीवर आले आणि पहिल्याच दुपारी पहिली फेरी मिळाली. पडद्यावर पाकिटाची रेघ पाच मायक्रोसेकंद उशिरा, अगदी स्वच्छ उभी. मी लॅबमध्ये एकटीच होते. दाराबाहेर येऊन व्हरांड्यात दोन चकरा मारल्या आणि पुन्हा आत जाऊन बघितलं, आहे ना.

दुसरी फेरी दोन दिवसांत जमली. तिसऱ्या फेरीत रेघेचा तळ केसाळ झाला, पण पाकीट ओळखू येत होतं. चौथीत सगळा गाळ. कधी वाटायचं, ते बघ, तिथं आहे. पुन्हा बघितलं की नाही. फिल्टर थोडा इकडे, थोडा तिकडे. मी सरांना मेसेज केला, तीन झाल्या. त्यांचं उत्तर आलं, दोन राहिल्या.

असं चालू असताना एका सकाळी तारवाल्याचा फोन आला.

"म्याडम, ड्रम लागतोय. जेसीबीनं केबल वडून काडली. नुसती तुटली न्हाई, लांबपतूर फाडलीया. दोनशे मीटर तरी नवी टाकाय लागंल, अन् हितं जवळ कुटंच माल न्हाई."

"उद्या चालेल का?"

"बँका बंद पडल्यात. दवाखान्यातलं कॉम्प्युटर बंद. माज्यावर लई फोन यायलेत. मी निगालोच हाय."

तो पोचायला तासभर तरी लागणार होता. तेवढ्यात मी चौथ्या फेरीसाठी जे सुचेल ते केलं. अॅम्प्लिफायरचा जोर कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला, आकडे बदलले, पुन्हा तेच आणले. मागे चाहूल लागली तेव्हा तो दारात उभा होता. आत आला नाही, घाई करा असंही म्हणाला नाही. फक्त त्याच्या खिशातला फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. मी आणखी एकदा पडद्याकडे बघितलं. गाळ.

"या दादा, घ्या," मी म्हटलं आणि जोड मीच कापले. दुसऱ्या कुणी कापलेले मला बघवले नसते.

ड्रम व्हॅनमध्ये चढला आणि तो निघणार, तेव्हा मला आठवलं. "तपकिरी वापरू नका. मध्यावर चिरली आहे."

"मध्यावर म्हंजी नक्की कुटं? तेवडा तुकडा काडून टाकला तर चालंल?"

तोंडी सांगून भागलं नसतं. ड्रमवर कुठून मोजायचं ते मलाच ठाऊक होतं. मी पर्स उचलली, विभागप्रमुखांना मेसेज केला आणि त्याच्या व्हॅनमध्ये बसले.

मिरजगावच्या अलीकडे हायवेच्या कडेला चर खणलेला होता. उन्हाचा नुसता जाळ. जेसीबीवाला चराच्या काठावर तोंड पाडून बसला होता, कारण येणारा जाणारा त्याला काहीतरी बोलत होता. मी मोजून दाखवलं आणि चिरलेला भाग ड्रमवरच राहील असा तुकडा आम्ही काढला. मजुरांनी तो चरात टाकला. मग जोडकाम सुरू झालं, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. वाऱ्याने धूळ उडत होती आणि जोडाला धूळ चालत नाही, म्हणून मी तारवाल्याच्या मशीनवर छत्री धरून उभी राहिले. निळीला निळी, नारिंगीला नारिंगी. माझी निळी, माझी नारिंगी, असं माझ्या मनात येत होतं. सगळं संपेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "चालू झालं."

लोक पांगले. ड्रमवर उरलेली तारही तारवाल्याला पुढच्या कामाला लागणार होती. जेसीबीवाल्याने कुठून तरी चहा आणून मला दिला. बरं वाटलं का? वाटलं. बँकेच्या दारात ताटकळलेल्यांचं काम झालं असेल, दवाखान्यात कुणाचा रिपोर्ट निघाला असेल. पण त्याच वेळी मला तो चर पुन्हा उकरावासा वाटत होता. दोन्ही खरं आहे.

तिथूनच सरांना फोन लावला. ट्रकांच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं.

"ड्रम दिलास?" सर म्हणाले. "दोन दिवस थांबला नसता तो?"

"लोकांचं नेट बंद होतं, सर."

"आणि तुझं?"

मी चहाचा कप चराच्या काठावर ठेवला. मग सर म्हणाले, "जे आहे ते घेऊन ये."

शनिवारी पुण्याला गेले. आता सर म्हणणार, मशीन लर्निंग घे. ऐकायचं असं ठरलं होतं आणि मी शब्द मोडणारी नाही. चारही फेऱ्यांची चित्रं टेबलावर पसरली. सरांनी चष्मा काढून चौथीचं चित्र डोळ्यांजवळ धरलं, मग खिडकीपाशी नेलं.

"हे मीही केलं होतं," ते म्हणाले. "परदेशात, विद्यार्थी असताना. आमच्याकडे याहून महागडं सामान होतं. चौथीला आमचंही असंच. मी तेव्हा सोडून दिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो."

हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मला राग आला. "मग मला पाच कशाला मागितल्या?"

"वाटलं, तुला जमेल." ते चित्र हातात घेऊन केबिनमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. त्यांना असं चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. "हे बघ. तीनच्या पुढे जात नाही ना? मग तीनच्या पुढे जायला लावूच नको."

मी खुर्चीवर बसले. या वेळी कुणी बस न म्हणता.

पुढच्या काही महिन्यांत मी सगळी रचना बदलली. नाक्यावर पाकिटाला जास्तीत जास्त दोन फेऱ्या थांबवायचं, तिसरी पुढच्या नाक्यासाठी राखून ठेवायची. तरी वाट मोकळी झाली नाही तर कड्यावरून उलट्या दिशेने सोडून द्यायचं. केडगावहून भिंगारला जाणारं पाकीट सावेडीवरून जाईल, उशिरा पोचेल, पण शाबूत पोचेल. तिसऱ्या फेरीपर्यंतची मोजमापं माझ्याकडे होतीच, खऱ्या तारेवरची. ती कॉम्प्युटरमध्ये भरली आणि नगरचं कडं चालवून पाहिलं. मध्यम गर्दीला ते तग धरत होतं. फार गर्दीत पाकिटं उगाच गोल गोल फिरत बसायची. ते मी प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी शेवटी विचारलं, "हे कोण वापरणार?"

सर खाली बघत होते. मी म्हटलं, "आज कुणी नाही. उद्याचं मला माहीत नाही."

बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पदवी मिळाली. मामांनी गावात पेढे वाटले. कुणी काय शिकली म्हणून विचारलं, तर "उजेडातली डॉक्टर" असं सांगत होते, त्यावरून एकाने मला डोळ्यांच्या थेंबाचं औषध विचारलं.

लॅब गेली. आता तिथं कॉम्प्युटरच्या रांगा आहेत आणि मी तिथंच पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. मुलं चांगली आहेत. डॉक्टरेट झाल्यावर आता निवांत झालीस असं सगळे म्हणतात. मला तो निवांतपणा काही सापडलेला नाही. शिकवताना मी वर्गात इतकी फिरते की मागच्या बाकावरच्यांना मोबाईल काढायची सोय राहत नाही.

मध्ये मी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेला मेल केली. तिथं कमी कचरा करणारा अॅम्प्लिफायर बनवतायत असं वाचलं होतं. सुट्टीत महिनाभर येऊन काम करता येईल का, एवढंच विचारलं. उत्तर आलं, या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनीच शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून ठेवला. नवऱ्याच्या कारखान्याचा सीझन संपत आलाय, तो म्हणाला, जा, घरचं आम्ही बघतो.

काल मामा ओसरीवर बसून माझी बॅग भरणं बघत होते. कपडे ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. त्यांना ते बघवेना.

"पोरी, एवडी घाई कशाला? गाडी परवा हाय."

"माहीत आहे, मामा," मी म्हटलं आणि बॅग पुन्हा उघडली.